'ऐच्छिक' उपक्रमांच्या यादीत आपली मुले कुठे आहेत?



एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने दप्तरातून एक रंगीत कागद काढून आमच्यापुढे ठेवला. विष्णुपुरी परिसरातल्या एका खासगी माध्यमिक शाळेचा तो कागद होता. शाळेचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण हा लेख एका शाळेविरुद्ध नाही. असे कागद नांदेडात, लातुरात आणि आता तालुक्याच्या गावांतही मुलांच्या दप्तरातून घरी जातात.

वर ठळक अक्षरांत 'उन्हाळी सत्रातील उपक्रम' असे लिहिले होते. खाली यादी. पोहणे, रोबोटिक्स, बुद्धिबळ, नाट्य कार्यशाळा, चित्रकला, व्यक्तिमत्त्व विकास, एक दिवसाची सहल आणि शेवटी पालकांसमोर सादरीकरण. एप्रिलपासून मेच्या सुट्टीपर्यंत एकही आठवडा रिकामा नाही. प्रत्येक उपक्रमासमोर फी. सर्वांत खाली एक ओळ होती, सर्व उपक्रम ऐच्छिक आहेत. त्याखाली दोन चौकोन. एक 'सहभागी होण्याची इच्छा आहे', दुसरा 'इच्छा नाही'.

मुलीने दुसऱ्या चौकोनात खूण केली होती. शेजारी वडिलांची सही.

"तुला खरंच यातलं काही नको होतं?" आम्ही विचारले.

"नाटकात जायचं होतं, दादा. पण पैसे नाहीत म्हणायला चौकोनच नव्हता."

तिचे वडील गवंड्याच्या हाताखाली बिगारी काम करतात. आई घरकामाला जाते. मुलगी आरटीईच्या २५ टक्के जागांतून या शाळेत आली. संध्याकाळी वडील भेटले तेव्हा म्हणाले, "कागद पोरीनंच वाचून दाखवला. पैशाचं ऐकलं अन् मी गप झालो. मग तिनंच खूण केली, मी सही केली."

आता त्या शाळेच्या फाईलमध्ये लिहिलेले राहील की आठवीतल्या या मुलीला नाटकाची, चित्रकलेची, पोहण्याची इच्छा नाही. हे खोटे आहे. मुलीने ते लिहिले, बापाने त्यावर सही केली, पण खोटे बोलायला लावले त्या कागदाने. आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे. ऐपत नसणे हे इच्छा नसणे म्हणून नोंदवले जाते, आणि ही नोंद पुढे आपल्याच मुलांविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते. "आम्ही सगळ्यांना संधी देतो, पण तुमची मुले पुढेच येत नाहीत" हे वाक्य तुम्ही किती मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकले आहे? ते कुठून तयार होते, हे या दोन चौकोनांत दिसते.

उपक्रम म्हणजे करमणूक नव्हे

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, सोडा हो, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आपल्या पोरांनी गणित-इंग्रजी पक्के करावे, नाटक-बिटक नंतर. हा विचार प्रामाणिक आहे. आमच्या पिढीला घरात हेच सांगितले गेले आणि त्यावर आम्ही शिकलो. पण शाळा आता बदलली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कडक भिंत नसावी. समग्र प्रगतिपत्रकात केवळ गुण नव्हे तर मुलाचे कौशल्य, सहभाग, कला हे सर्व दिसावे. महाराष्ट्रातही 'आनंददायी शनिवार'सारखे उपक्रम आले. दहावीच्या गुणपत्रिकेत खेळाचे, शास्त्रीय आणि लोककलांचे, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. महाविद्यालयात प्रवेशाची मुलाखत असो की कंपनीची गटचर्चा, तिथे बोलण्याची सवय मोजली जाते. ती सवय पुस्तकातून येत नाही. ती सहावी-सातवीपासून माईक हातात धरल्याने येते.

आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्दियू यांची 'सांस्कृतिक भांडवल' ही कल्पना परीक्षेपुरती पाठ केली होती. बँकेतल्या पैशाप्रमाणे बोलण्याची ढब, कलेची ओळख, अधिकाऱ्यासमोर न बिचकणे हेही एक भांडवल असते, ते घरातून मिळते आणि शाळा त्यालाच गुणवत्ता समजते. अमेरिकेत ॲनेट लारो यांनी काळ्या-गोऱ्या, गरीब-मध्यमवर्गीय कुटुंबांत दिवस दिवस बसून अभ्यास केला आणि २००३ साली पुस्तक लिहिले. मध्यमवर्गीय मुलांचा आठवडा क्लास, खेळ, संगीत यांनी भरलेला असतो. त्यातून ती मुले प्रशिक्षकाशी, डॉक्टरशी, शिक्षकाशी बरोबरीने बोलायला, प्रश्न विचारायला शिकतात. कष्टकऱ्यांची मुले भावंडांत, गल्लीत मोकळी वाढतात. त्यात जिव्हाळा भरपूर असतो, पण संस्थेच्या दारात ही मुले अवघडतात.

लारोंना तिथे वर्गाचा फरक मोठा दिसला. आपल्याकडे वर्ग आणि जात एकाच खोलीत राहतात. म्हणून उन्हाळी उपक्रमांची यादी हा आपल्यासाठी मनोरंजनाचा विषय नाही. गुणांच्या गाळणीतून आपली मुले पार होऊ लागली, तेव्हा दुसरी गाळणी बसवली गेली आहे. ती कुणी ठरवून बसवली असेल किंवा नसेल, गाळण्याचे काम ती करतेच.

बाबासाहेबांचा 'ऐच्छिक' विषय

हा 'ऐच्छिक' शब्द आपल्याला नवा नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत बसायला स्वतःचे तरट न्यावे लागे. तहान लागली तर शिपाई नळ सोडेपर्यंत थांबावे लागे, आणि शिपाई नसेल तर त्या दिवशी पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले. त्यांनी फारसी घेतली.

आता विचार करा. त्या शाळेच्या हजेरीपटावर काय लिहिले असेल? 'भीमराव आंबेडकर, दुसरी भाषा फारसी.' पन्नास वर्षांनी तो कागद पाहणारा म्हणेल, मुलाची आवड फारसी होती. नकाराची नोंद त्या कागदावर कुठेच नाही. ज्याला संस्कृतच्या वर्गाचे दार बंद होते, त्याने 'निवड' केली असे तो कागद सांगतो. विष्णुपुरीच्या त्या मुलीचा चौकोन आणि बाबासाहेबांची फारसी यांत एकशे वीस वर्षांचे अंतर आहे. तेव्हा नकार तोंडावर दिला जाई. आता आपल्याच हाताने लिहून घेतला जातो.

त्याच एल्फिन्स्टनमधला दुसरा प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. शिक्षकांनी बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. ती मुले धावत जाऊन आपापले डबे बाजूला करू लागली, आणि त्यानंतरच बाबासाहेब फळ्यापर्यंत पोचले. गणित त्यांना येत होते. अडचण फळ्यापुढे उभे राहण्याची होती. शाळेत कुणाला उभे राहू दिले जाते, कुठे आणि कुणासमोर, हा प्रश्न तेव्हाही 'अभ्यासेतर' होता आणि तोच सर्वांत महत्त्वाचा होता.

"यात जात कुठे आली?"

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. फी सगळ्यांना सारखी आहे, गरीब मराठ्याचा मुलगाही भरू शकत नाही, ब्राह्मणाचा गरीब मुलगाही भरू शकत नाही, मग जात मध्ये कशाला आणता?

गरीब मराठ्याच्या आणि गरीब ब्राह्मणाच्या मुलालाही नाटकात जागा मिळालीच पाहिजे. आमची मागणी त्यांच्यासाठीही आहे. पण जात कुठे आहे ते पाहायचे असेल तर फीचा कागद बाजूला ठेवा आणि फुकटच्या उपक्रमांकडे पाहा.

कुठल्याही शाळेच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जा. खुर्च्या कोण लावतो? सतरंज्या कोण झटकतो? मैदान कोण झाडतो? मग कार्यक्रम सुरू झाल्यावर पाहा. पाहुण्यांना पुष्पगुच्छ कोण देतो, स्वागतगीत कोण गाते, सूत्रसंचालन कुणाकडे आहे? आमच्या वस्तीतल्या मुलांना विचारले की कार्यक्रमात काय केले, तर उत्तर येते लेझीम, मानवी मनोरा, धावणे, रस्सीखेच. ही कामेही मानाची आहेत, आम्ही त्यांना कमी लेखत नाही. पण नमुना दिसतो. आपल्या मुलांचे अंग चालते, आवाज चालत नाही. घाम चालतो, माईक चालत नाही. ही निवड फीने होत नाही. "हिचे उच्चार स्पष्ट आहेत", "हा जरा गावठी बोलतो" अशा निर्मळ दिसणाऱ्या वाक्यांनी ती होते. उच्चार हा जातीचा पत्ता आहे, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

क्रिकेटपटू पळवणकर बाळू आठवा. चांभार समाजातला हा माणूस पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात मैदानाची देखभाल करी. सरावाला गोऱ्या साहेबांना तासन् तास गोलंदाजी करी. गोलंदाजी करू दिली, बॅट हातात दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला जिंकायचे होते म्हणून त्याला संघात घेतले. मैदानात चेंडू एकत्र हाताळायचा, आणि चहाच्या वेळी बाळूचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले, तेही मोठ्या वादानंतर. खेळात घेतले म्हणजे समता आली असे समजणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. आणि हे जुने झाले असे वाटत असेल तर दिल्लीच्या एम्सबद्दलचा २००७ चा थोरात समितीचा अहवाल वाचावा. देशातल्या सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतही खेळांत आणि सांस्कृतिक कार्यक्रमांत अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना बाजूला ठेवल्याच्या तक्रारी त्यात नोंदल्या आहेत.

शाळेच्या वेळापत्रकातही जात वाचता येते. त्या रंगीत कागदाच्या मागे एप्रिलचे दिनविशेष होते. २२ एप्रिल वसुंधरा दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, आणि दोन्ही दिवशी कार्यक्रम. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, तिथे काहीच नाही. १४ एप्रिलसमोर एकच शब्द, 'सुट्टी'. ज्या माणसाने पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्याचे नाव न घेता नवव्या दिवशी पुस्तक दिन साजरा होतो. सुट्टी देणे हा मान आहे, पण शाळेला बाबासाहेबांबद्दल मुलांशी बोलावे लागू नये म्हणून सुट्टी सोयीची पडते, असे आम्हाला वाटू लागले आहे. आणि हे त्या जिल्ह्यात, जिथे शहराला लागून असलेल्या बोंढार हवेलीत १ जून २०२३ रोजी आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. वर्गात जयंती आपली सगळ्यांची होती असे जी मुले कधी शिकलीच नाहीत, त्यांना चौकातली जयंती 'त्यांची' वाटली तर नवल काय?

उपक्रम कोणता, हेही विचारा

फी माफ करून मुलाला कोणत्याही उपक्रमात बसवले की प्रश्न संपला, असेही नाही. नवे धोरण सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे पाठवा असे सांगते. हाताच्या कामाला मान मिळावा, हे आम्हाला मान्यच आहे. पण कोणते मूल कुणाकडे जाणार? वकिलाचा मुलगा दहा दिवस कुंभाराच्या चाकावर बसून फोटो काढून परत येईल. कुंभाराच्या मुलाला वकिलाच्या कार्यालयात कुणी पाठवणार आहे का?

१९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अशीच योजना आणली होती. शाळेचा वेळ कमी करायचा आणि उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकायचा. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला जातीचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज यांनी ती योजना गुंडाळली. दहा दिवसांचा उपक्रम आणि ती योजना एक नव्हेत, पण प्रश्न विचारण्याची सवय आपण सोडू नये. आपल्या मुलींना मेंदी आणि केकची कार्यशाळा, मुलांना झाडू घेऊन स्वच्छता फेरी, आणि रोबोटिक्स भलत्यांनाच, अशी वाटणी होत असेल तर ती जागेवर विचारली पाहिजे.

मिलिंदने काय केले होते?

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद झाले. मराठवाड्याच्या खेड्यांतून, निजामी राजवटीतून नुकतीच बाहेर पडलेली, घरात पहिल्यांदाच शिकणारी पोरे तिथल्या वसतिगृहांत आली. आजच्या काही कार्यकर्त्यांच्या हिशेबाने त्या पोरांना फक्त अभ्यासाला जुंपायला हवे होते. तसे झाले नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले. अस्पृश्यांवर युगानुयुगे झालेल्या अन्यायाची ती कहाणी होती. १९५५ मध्ये मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले आणि बाबासाहेबांनी समोर बसून पाहिले. पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेसाठी जमलेल्या जनसमुदायासमोरही ते झाले.

दलित रंगभूमीचा इतिहास लिहिताना अभ्यासक या नाटकापाशी थांबतात. आणि ते जन्मले कुठे? महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात! म्हणजे ज्याला आपण 'ॲक्टिव्हिटी' म्हणून हिणवतो तिथेच. त्याच मिलिंदच्या आवारात नियतकालिके निघाली, कवी घडले, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने मराठी साहित्याचा नकाशा बदलला. बाबासाहेबांना केवळ पदवीधर नको होते. सभेत उभा राहून बोलणारा माणूस हवा होता. पदवी वर्गात मिळते, पण तो माणूस बहुतेक वेळा वर्गाबाहेर घडतो.

आपलीही चूक सांगू

शाळेवर बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळलेली आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

एप्रिलमध्ये आपण काय करतो? वर्गणी गोळा करतो. त्यातला मोठा भाग डीजे, लाइट आणि बॅनर यांवर जातो. बॅनरवर पन्नास फोटो, त्यांत एकही विद्यार्थी नाही. १५ एप्रिलला मंडप उतरतो आणि मे महिनाभर विहाराला कुलूप. मेमध्ये भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरे आणि बाल संस्कार शिबिरे होतात, त्यांचे मोल आम्ही जाणतो. पण सुट्टीच्या पन्नासेक दिवसांत बाकीच्या मुलांचे काय? ती उन्हात फिरतात, मोबाइल पाहतात, मोठी पोरे बापाबरोबर कामावर जातात.

आणि काही नदीवर जातात. विष्णुपुरीच्या वाचकांना हे सांगायला नको. आशियातल्या मोठ्या उपसा सिंचन प्रकल्पांत आपल्या विष्णुपुरीचे नाव घेतले जाते. गोदावरीचे पाणी इथे अडते, नांदेड शहर ते पिते, कंधार-लोह्याच्या शेतांकडे ते उपसले जाते. त्याच पाण्याच्या काठावर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढे पाणी आणि एवढ्या शिक्षणसंस्था असलेल्या गावात आपल्या मुलाला पोहायला शिकवणारे कुणी नाही. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो निळ्या टाइल्सच्या तलावात प्रशिक्षकासमोर शिकतो. आपला मुलगा मित्रांबरोबर नदीत उडी मारून शिकतो, आणि एखाद्या उन्हाळ्यात एखादा वर येत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर ज्यांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवला, त्यांच्या पणतवंडांना त्या पाण्यात सुरक्षित उतरता येत नसेल तर पोहण्याच्या वर्गाला 'ऐच्छिक' म्हणणे आम्हाला पटत नाही.

कायदा आपल्या बाजूने किती आहे?

रागावून भागणार नाही, कागद वाचला पाहिजे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान, खेळाचे साहित्य आणि गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असलेच पाहिजे, असे म्हटले आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत हे आहे का, ते तुम्ही जाऊन पाहा. कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या किती आयांना आपण या समितीवर आहोत हे माहीत आहे?

२५ टक्क्यांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलांबाबत केंद्र सरकारचे २०१० चे नियम स्पष्ट आहेत. या मुलांना वेगळे बसवायचे नाही आणि पुस्तके, गणवेश, ग्रंथालय, संगणक, अभ्यासेतर उपक्रम आणि खेळ यांत भेदभाव करायचा नाही. 'अभ्यासेतर उपक्रम' हे शब्द नियमातच आहेत, मित्रांनो! खासगी शाळांच्या फीबाबत राज्याचा २०११ चा कायदा आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन झाला पाहिजे आणि फीचा प्रस्ताव त्याच्या कार्यकारी समितीपुढे आला पाहिजे. हे हक्कही आपोआप टिकत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी-अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट दिली होती. लोक न्यायालयात गेले म्हणून जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

एक मोठे भोक मात्र राहिले आहे. हा कायदा आठवीपर्यंतच आहे. ती मुलगी पुढच्या वर्षी नववीत जाईल आणि कायदा शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहील. मग उपक्रमच काय, शाळाच 'ऐच्छिक' होते. माध्यमिक शाळेत आपल्या मुली का गळतात, याचे एक कारण इथे आहे. बारावीपर्यंत शिक्षणहक्क हवा ही मागणी आता आपल्या प्रत्येक मोर्चाच्या फलकावर यायला हवी.

मग करायचे काय?

आम्ही त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी चहा दिला, शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "आम्ही कुणावर सक्ती करत नाही हो." आम्ही म्हणालो, "सर, सक्ती नाही हे मान्य. पण इच्छा आणि ऐपत हे दोन प्रश्न तुम्ही एकाच चौकोनात विचारताय. ते वेगळे करा." ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. पुढच्या सत्राचा कागद छापताना विचार करू, असे म्हणाले. यंदाच्या नाट्य कार्यशाळेला आलेल्या संस्थेशी बोलून आरटीईतून आलेल्या मुलांना त्यांनी बसू दिले. पोहण्याबद्दल मात्र "तो तलाव आमचा नाही" एवढेच उत्तर मिळाले. पूर्ण यश नाही, पण सुरुवात झाली.

अभ्यासिकेत परत आल्यावर आम्ही सगळ्या मुलांना तोच कागद वाचून दाखवला, फीचे आकडे गाळून. मग विचारले, कुणाला काय शिकायचे आहे? बहुतेकांचे हात वर होते. काहींनी तर दोन्ही हात वर केले. 'आमच्या मुलांना आवडच नाही' म्हणणाऱ्यांनी तो क्षण पाहायला हवा होता.

तुमच्या गावात, वस्तीत एवढे करा. शाळेचा उपक्रमांचा कागद मागून घ्या आणि इच्छा व ऐपत वेगळे विचारण्याची लेखी मागणी द्या. शाळा व्यवस्थापन समितीत आणि पालक-शिक्षक संघात आपली माणसे, विशेषतः आया, बसवा. ११ आणि १४ एप्रिलच्या आठवड्यात शाळेत वाचनाचा, वादविवादाचा कार्यक्रम मागा आणि तो करायला स्वतः मदतीला जा. जयंतीच्या वर्गणीतला ठरलेला हिस्सा उन्हाळ्यातल्या मुलांसाठी बाजूला काढा. विहाराचे कुलूप मे महिन्यात काढा. आपल्यातला कुणी चित्र काढतो, कुणी विद्यापीठात शिकतो, कुणी इंजिनिअरिंगचा मुलगा सोल्डरिंग करतो, कुणाला उत्तम पोहता येते. त्याला आठवड्यातून दोन तास मागा. नदीवर मुलांबरोबर पोहणारा मोठा माणूस आणि एक दोर असला तरी एखादा जीव वाचेल.

नाट्य कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी सादरीकरण होते. त्या मुलीला दोनच वाक्ये होती. तिच्या बापाने त्या दिवशी अर्ध्या दिवसाचा रोज बुडवला आणि मागच्या रांगेत उभा राहिला. कार्यक्रम संपल्यावर आम्ही विचारले, "कसं वाटलं?" तो म्हणाला, "आवाज मागपर्यंत आला, सर."

त्या कागदावर 'इच्छा नाही' म्हणून सही याच माणसाने केली होती.

जय भीम. नमो बुद्धाय.